कॅम्बरवेलची सुंदरी

नांवांवरून इतिहास हुडकण्याची आम्हां अध्यापकांस जुनी खोड आहे. परंतु नांवासारखा साक्षीदार प्रसंगीं खोटेंहि बोलतो, हें आम्हांस एका फुलपांखरानें शिकविलें.

लंडनच्या दक्षिणेस कॅम्बरवेल नांवाचें एक खेडें होतें. तेथील कोल्डहार्बर लेन या वाटेवर सन १७४८ च्या ऑगस्टांत दोन अपरिचित फुलपांखरें सांपडलीं. पंख गर्द तपकिरी, जवळजवळ काळे. कडेस फिकट पिवळी किनार, आणि तिच्या आंत निळ्या ठिपक्यांची ओळ. त्याच वर्षीं मार्चमध्यें कॉर्नहिलच्या आगींत लंडनच्या ऑरेलियन सोसायटीचा सारा कीटकसंग्रह जळून गेला होता. तेव्हां शोधकांस या लाभाचें अप्रूप किती वाटलें असेल! मोझेस हॅरिस यानें सन १७६६ च्या आपल्या ग्रंथांत त्यास ‘थोर आश्चर्य’ अथवा ‘कॅम्बरवेलची सुंदरी’ असें म्हटलें. वस्तुतः लिनिअसनें सन १७५८ मध्येंच त्याचें ‘अँटिओपा’ असें बारसें करून टाकलें होतें. जर्मनांनीं त्याच पंखांत शोकवस्त्र पाहिलें, व अमेरिकेंतहि तेंच नांव रूढ झालें. आमच्या एखाद्या गृहिणीस मात्र तेथें नव्या सुनेची संक्रांतीची चंद्रकळा दिसली असती!

परंतु ही सुंदरी कॅम्बरवेलची नव्हेच. ती इंग्लंडांत स्थायिक नाहीं. बहुधा स्कँडिनेव्हियाकडून समुद्र ओलांडून येणारी पाहुणी आहे. सन १८४६, १८७२, १९७६ व १९९५ या वर्षीं ती मोठ्या संख्येनें आली. एरव्हीं तिचें दर्शन दुर्मिळच. तरीहि स्वदेशाभिमान कोठें स्वस्थ बसतो? पांढऱ्या किनारीची ती अस्सल ब्रिटिश, असा समज संग्राहकांत पसरला. वास्तविक पिवळी किनार काळाच्या ओघांत विटून पांढुरकी होते, आणि या फुलपांखरास तसा काळ भरपूर लाभतो.

बहुतेक फुलपांखरें कांहीं आठवड्यांतच संपतात. हें दहा-अकरा महिने जगतें. झाडाच्या ढोलींत किंवा सालीखालीं पंख मिटून तें सारा हिवाळा काढतें. शरीरांतील ग्लिसरॉलसारखीं द्रव्यें त्यास गोठूं देत नाहींत. वसंताच्या आरंभीं, बर्फ पुरतें वितळण्यापूर्वींच, तें काळे पंख उन्हांत पसरून ऊब घेतें, झाडांतून पाझरणारा रस पितें, आणि वाळुंज, एल्म, बर्च यांच्या डहाळ्यांवर अंडीं घालतें.

आतां ती वाट लंडनच्या दाट वस्तींत आहे. तेथील एका कागदाच्या कारखान्यानें हेंच फुलपांखरूं आपलें चिन्ह केलें होतें. कारखाना गेला; परंतु रंगीत फरशांची त्याची प्रचंड आकृति काढून जवळच्या जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या भिंतीवर बसविण्यांत आली.