वहीतील माल आणि वखारीतील माल

व्यापार एका घराण्याचा असतो, तोवर मालकाची नजर हीच त्याची हिशेबतपासणी असते. परंतु भांडवल हजारो अपरिचितांचे आणि कारभार मोजक्या चालकांचा, अशी कंपनी उदयास आली की भागधारकास आपली मालमत्ता केवळ ताळेबंदाच्या कागदावरच भेटते. तो कागद खरा की खोटा, हे सांगणारा तिऱ्हाईत मग अपरिहार्य ठरतो. अमेरिकेत अशा तपासनिसास परीक्षेअंती सनद देणारा पहिला कायदा न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली केला. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळल्यावर १९३३ व १९३४ च्या कायद्यांनी त्याची साक्ष मोठ्या कंपन्यांस बंधनकारक केली.

परंतु ही साक्ष नेमकी कशाची द्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर एका फसवणुकीने दिले. मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषधांचा व्यापार करणारी जुनी, नामांकित कंपनी. तिचा अध्यक्ष डोनाल्ड कोस्टर हा वस्तुतः फिलिप म्युझिका नावाचा, पूर्वी दोनदा दोषी ठरलेला इसम होता. १९३८ च्या अखेरीस कंपनीच्याच खजिनदाराच्या संशयावरून सारे उघडकीस आले. ताळेबंदात सुमारे आठ कोटी सत्तर लाख डॉलरांची मालमत्ता दाखविलेली होती. तीपैकी जवळजवळ एक कोटी नव्वद लाखांची अस्तित्वातच नव्हती. माल वखारीत नव्हता आणि येणे दाखविलेल्या रकमाही खोट्या होत्या. पुढे म्युझिकाने आत्महत्या केली.

श्रोतेहो, येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की तपासनिसांनी वह्या पाहिल्या होत्या, बेरजा ताडल्या होत्या, बीजके जुळविली होती. वखारीत जाऊन माल पाहणे मात्र त्या काळच्या प्रघातात अनिवार्य नव्हते. मालाविषयी चालकांचा दाखला पुरेसा मानला जाई. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यावयाची, त्याचीच साक्ष ग्राह्य धरली गेली! १९३९ मध्ये त्या व्यवसायाने आपली रीत बदलली: मालाच्या मोजदादीस तपासनिसाने स्वतः हजर राहावे आणि ऋणकोंस थेट पत्र लिहून येणे रकमेची खात्री करून घ्यावी.

आपल्या देशात १९४९ च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली आणि या व्यवसायास स्वायत्त अधिष्ठान लाभले. तरीही जानेवारी २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीच कबुली दिली, की खात्यांत दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नव्हतीच. बँकांकडून शिलकेची खात्री करून घेण्याचे काम तपासनिसांनी कंपनीवरच सोपविले होते, असे पुढे चौकशीत आढळले. सत्तर वर्षांपूर्वी औषधांच्या वखारीत जे घडले, तेच येथे बँकेच्या खात्यांत घडले.

तपासनिसाचा मेहनताना कंपनी देते, चालक रोज त्याच्यासमोर असतात. ज्यांच्यासाठी तो सही करतो ते भागधारक, ठेवीदार, कामगार मात्र त्यास कधी दिसत नाहीत. या न दिसणाऱ्या माणसांच्या वतीने वखारीचे दार उघडावयास लावणे, हेच त्याचे व्यापारातील खरे कार्य होय.