निवाड्याचे चार मायक्रोसेकंद

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला अँड गेट शिकलो, तेव्हा ते आलं कुठून हा प्रश्न मला पडला नाही, शिकवणाऱ्यांनाही पडला नसावा. पुढे पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला लागलो आणि गेट विसरूनही गेलो. अलीकडे सर्नमधल्या एफपीजीएंबद्दल हौसेनं वाचताना त्याची पुन्हा गाठ पडली, ती थेट १९३० सालच्या फ्लॉरेन्समध्ये.

ब्रुनो रॉसी तेव्हा पंचविशीचा होता. (माझ्याहून लहान. असो.) विश्वकिरण मोजायला त्याच्याकडे गायगर नळ्या होत्या, पण एकटी नळी कशानंही वाजते. एकाखाली एक ठेवलेल्या तीन नळ्या एकाच क्षणी वाजल्या, तर मात्र एकच कण तिघींतून आरपार गेला असण्याची शक्यता दाट. रॉसीनं तीन व्हॉल्व असे जोडले, की तिन्ही संकेत एकदम आले तरच पुढे दखल घेतली जाई. बर्लिनमध्ये वाल्टर बोथेनं दोन नळ्यांसाठी असंच सर्किट केलं होतं; रॉसीची जोडणी कितीही नळ्यांना चाले. या पद्धतीसाठी बोथेला १९५४ मध्ये नोबेल मिळालं, रॉसीला नाही.

मधल्या काळात बबल चेंबरचे फोटो काढून ठेवत आणि टेबलावर वाकलेली माणसं, बहुतेक स्त्रियाच, त्यांतल्या रेघा तपासत. १९६८ मध्ये शारपाकचं तारांचं चेंबर आलं आणि निवडीचं काम पुन्हा सर्किटांकडे गेलं.

आज एलएचसीमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात. तेवढ्यात प्रकाश जेमतेम साडेसात मीटर जातो आणि सीएमएस हे उपकरण २१ मीटर लांब आहे. म्हणजे एका टकरीतले कण घराबाहेर पडण्याआधीच पुढची टक्कर होते! सेकंदाला अशा ४ कोटी वेळा. सगळं साठवणं अशक्य. म्हणून पहिल्या पायरीचा ट्रिगर सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निवाडा करतो आणि सेकंदाला लाखभर घटना पुढे सोडतो. न निवडता ठेवलेले थोडे नमुने सोडले, तर बाकीचं कायमचं गेलं.

हे वाचून मला धसका बसला, त्याला कारण आहे. मी लिहिलेल्या एका अटीमुळे आमच्या कामात चार दिवस चांगल्या नोंदी गाळल्या जात होत्या. मूळ फायली शिल्लक होत्या, म्हणून सगळं पुन्हा चालवता आलं. ट्रिगरमध्ये मूळ फाइलच नसते.

एवढ्या घाईत निर्णय घ्यायला सर्किटच लागतं, आणि पाहिजे तेव्हा बदलता येणारं सर्किट म्हणजे एफपीजीए. झायलिंक्सची पहिली चिप १९८५ ची, ६४ लॉजिक ब्लॉकांची. अडचण अशी, की तिच्यासाठी व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग लिहावं लागे, आणि भौतिकशास्त्रज्ञ लिहितात सी++ नि पायथन. सी++ वरून सर्किट बनवणं म्हणजे हाय-लेव्हल सिंथेसिस. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जेसन काँग यांच्या गटातून निघालेली ऑटोईएसएल ही कंपनी झायलिंक्सनं २०११ मध्ये विकत घेतली, आणि हे तंत्र हळूहळू प्रयोगांपर्यंत पोचलं.

२०१८ मध्ये एचएलएसफोरएमएल आलं. शिकवलेलं न्यूरल नेटवर्क द्यायचं, सर्किट घ्यायचं. त्यांच्या शोधनिबंधातल्या नमुन्यात १६ आकडे आत जातात आणि जेटचा प्रकार, पाचांपैकी एक, बाहेर येतो. मध्ये ६४, ३२ आणि ३२ पेशींचे थर. गुणाकार होतात ४,२५६. मी सवयीनं लूप लिहिलं असतं. पण इथे लूप फिरत नाही, ते चिपवर अंथरलं जातं. पंगतीत एकाच वाढप्यानं सगळी पानं वाढायची, की पानागणिक एक वाढपी उभा करायचा? दुसऱ्यात वेळ वाचतो, पण मांडवात जागा हवी. मी घरी करून पाहिलं तेव्हा बिनधास्त सगळं एकदम उलगडायला सांगितलं, तर टूलनं चिपवर आहेत त्यापेक्षा जास्त गुणक मागितले. एका गुणकाकडून किती वेळा काम करून घ्यायचं हे ठरवणारा एक आकडा असतो; सगळी घासाघीस त्याच्यावर. निबंधकर्त्यांनी तर नेटवर्कमधले ७० टक्के दुवे छाटले, दशांशांचे बिट मोजून मापून ठेवले, आणि उत्तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास आणलं.

२०२४ मध्ये सीएमएसनं याच मार्गानं एक वेगळंच नेटवर्क ट्रिगरमध्ये बसवलं. त्याला काय शोधायचं ते सांगितलेलं नाही. न निवडता ठेवलेल्या त्या थोड्या नमुन्यांवर ते शिकलं आहे, आणि त्यांच्यासारखी न दिसणारी टक्कर आली की ते हात वर करतं.