धूळ अडवणारे कापड : सोलापूरची गिरणी, नवी पेठ आणि घरगुती फिल्टर

धूळ उचलणे आणि उचललेली धूळ पुन्हा हवेत जाऊ न देणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले काम घराइतकेच जुने आहे, तर दुसऱ्याला जेमतेम सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे पंख्याच्या जोरावर हवा ओढून घेणारे यंत्र. त्या हवेबरोबर धूळ आत येते, हवा बाहेर पडते, आणि धूळ आतच राहावी म्हणून हवेच्या वाटेवर जे गाळणीवजा आवरण बसवलेले असते त्याला फिल्टर म्हणतात. हे आवरण कशाचे असावे, ते केव्हा बदलावे आणि बदलले नाही तर त्याची झळ कोणाला लागते, हे प्रश्न आज सोलापूरच्या नवी पेठ या बाजारातील उपकरणांच्या दुकानात ग्राहकापुढे येतात. परंतु सोलापूरला ते नवे नाहीत. कापडावर जगणाऱ्या या शहरात ते आधी गिरणीत उभे राहिले आणि नंतर घरात आले.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली, आणि तिचे संस्थापक मुरारजी गोकुळदास यांचे नाव शहरातील मुरारजी पेठेने जपले आहे. पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळ आणि रोजगाराच्या शोधामुळे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग उभारले, आणि त्यांतूनच सोलापुरी चादर व टॉवेल यांचा लौकिक देशभर पसरला. या उद्योगाचा कच्चा माल कापूस असला, तरी गाठींतून केवळ तंतू येत नाहीत. त्यांत पानांचा चुरा, बोंडांच्या सालींचे तुकडे, माती आणि आखूड, तुटके तंतूही असतात. ब्लोरूममध्ये गाठी फोडून कापूस झोडपला जातो, कार्डिंग खात्यात तारांच्या दातेरी रुळांवर तो विंचरला जातो, आणि या दोन्ही ठिकाणी हा सारा गाळ हवेत उडतो. रुळांच्या दातांत अडकलेला कचरा ठरावीक वेळाने काढावा लागे. ब्रशने तो काढताना कामगाराचे तोंड धुळीच्या लोटापाशीच असे. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापड उद्योगाने हा कचरा नळीतून ओढून घेण्याची, म्हणजे निर्वात शोषणाची, पद्धत अवलंबण्यास सुरुवात केली, आणि ओढलेली हवा कापडी पिशव्यांतून गाळून धूळ एका बंद कोठीत साठवली जाऊ लागली. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरमध्ये जी रचना हातात मावेल एवढ्या आकारात दिसते, तीच येथे कारखान्याच्या मापात होती.

ही खबरदारी आवश्यक का होती, हे कामगारांच्या छातीने सांगितले होते. वर्षानुवर्षे कापसाची धूळ श्वासात गेल्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे विशेष लक्षण असे, की साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि धाप लागते. सुरुवातीच्या काळात आठवड्याच्या पुढील दिवसांत हा त्रास ओसरतो, पण रोग बळावला की तो रोजचा होतो. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धूळ व धूर कामाच्या जागेतून हटवण्याची जबाबदारी कलम १४ अन्वये मालकावर टाकली आणि त्याच्या अधिसूचित रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत पुढे बिसिनोसिसचाही समावेश झाला. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतनिर्मितीच्या विभागांसाठी दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम कापूसधूळ अशी मर्यादा घातली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून या मर्यादेची सूक्ष्मता लक्षात यावी. तथापि भारतीय कायद्याचे संरक्षण कामगारसंख्येवर अवलंबून असल्याने छोट्या मागशाळा पुष्कळदा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि सोलापूरच्या पूर्व भागात जेथे घर व माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत, तेथे कारखान्याची धूळ आणि घराची धूळ असा भेद करणेच अशक्य झाले.

घरगुती यंत्राचा उगम मात्र वेगळ्या वातावरणात झाला, आणि तेथेही पहिली सामग्री कापडच होती. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये लंडनमध्ये हवा फुंकून धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले, आणि धूळ उडवण्याऐवजी ती ओढून घेतली तर काय होईल हे तपासण्यासाठी एका उपाहारगृहातील खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवून त्यातून तोंडाने जोरात श्वास ओढला. त्याला ठसका लागला, परंतु रुमालाच्या खुर्चीकडील बाजूला धुळीचा डाग उमटला होता. कापड हवा जाऊ देते आणि धूळ धरून ठेवते, ही गोष्ट त्या डागाने सिद्ध केली, आणि त्याला लागलेला ठसका हेही सांगत होता की कापड सर्व धूळ धरू शकत नाही. बूथचे यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे. घरात मावेल असे विजेवर चालणारे यंत्र अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँगलर याने घडवले. दुकानाची झाडलोट करणाऱ्या या माणसाला दम्याचा त्रास होता, म्हणून त्याने पंख्याची मोटर झाडूच्या दांड्याला जोडून धूळ साठवण्यासाठी उशीचा अभ्रा बांधला, आणि १९०८ मध्ये त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे ते हक्क हूव्हर कुटुंबाकडे गेले. झाडलोट करणाऱ्याच्या श्वासाची काळजी हेच या यंत्राच्या जन्माचे कारण होते, ही बाब त्याच्या नंतरच्या जाहिरातींत फारशी राहिली नाही.

रुमाल आणि अभ्रा यांच्यापासून आजच्या फिल्टरपर्यंतचा प्रवास समजण्यासाठी फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. चाळणी छिद्रापेक्षा मोठा कण अडवते आणि लहान सोडते. फिल्टरमध्ये मात्र तंतूंचे गुंतवळ असते आणि कण त्यात तीन प्रकारे अडकतात. जड कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूवर आदळतात, मध्यम कण तंतूला घासून चिकटतात, आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सैरावैरा भटकत तंतूला जाऊन मिळतात. या तिन्हींतून सर्वांत सहज निसटणारा कण सुमारे ०.३ मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणूनच हेपा या उच्च दर्जाच्या फिल्टरची अमेरिकी कसोटी ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात आणि त्यांपैकी किमान ९९.९७ टक्के अडवले गेले पाहिजेत अशी अट घालतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांसाठी आणि अणुबाँब प्रकल्पातील किरणोत्सारी धूळ रोखण्यासाठी विकसित झालेले हे तंत्र नंतर रुग्णालयांत आणि शेवटी घरांत आले. युरोपीय मानकात एच१३ हा दर्जा सर्वांत निसटत्या आकाराचे किमान ९९.९५ टक्के कण रोखणाऱ्या फिल्टरला दिला जातो. दरम्यान कापडी पिशवीची जागा टाकाऊ कागदी पिशवीने घेतली, आणि १९९० च्या दशकात जेम्स डायसन याच्या यंत्रांनी हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ डब्यात पाडण्याची रीत लोकप्रिय केली. पण पिशवी गेली तरी सूक्ष्म कणांसाठी शेवटी फिल्टर लागतोच.

भारतात या यंत्राचा घरोघरी प्रसार मुख्यतः १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीने केला. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सशी तिचे सहकार्य होते, आणि दारोदार जाऊन सतरंजी, गादी वा सोफ्यातून निघालेली धूळ घरच्या माणसांना डोळ्यांनी दाखवणे ही तिच्या विक्रेत्यांची रीत होती. दारावरची ही विक्री आणि शहराच्या मध्यवर्ती भागातील नवी पेठेसारख्या बाजारातील दुकाने या दोन वाटांनी यंत्र सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरांत शिरले. तेथे त्याला मिळालेले काम मात्र पाश्चात्त्य घरांपेक्षा वेगळे होते. गालिच्यांनी झाकलेल्या जमिनीऐवजी येथे शहाबादी फरशी आणि पुढे चकचकीत टाइल्स होत्या. त्या झाडून ओल्या फडक्याने पुसणे सोपे असल्याने यंत्र गाद्या, पडदे, सोफे, माळे आणि भिंतींवरची जळमटे यांच्या वाट्याला आले. ते वर्षातून मोजक्या वेळा, विशेषतः दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघू लागले. यामुळेच फिल्टर बदलण्याची सवय रुजली नाही. पाणी गाळणाऱ्या यंत्राचे कँडल बदलण्याची आठवण नळाच्या मंद धारेने रोज होते. माळ्यावर ठेवलेल्या यंत्राचा फिल्टर मात्र वर्षभर कोणाच्याही नजरेस पडत नाही.

साफसफाईचे साधन ठरल्या दिवशी बदलण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी होती असे नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची आणि मग ती वापरात घेण्याची प्रथा घरोघरी आहे. शिंदीच्या पानांची ही केरसुणी परंपरेने मातंग समाजातील कारागीर बांधत आले, आणि सणामुळे त्यांना दरवर्षी हक्काचे गिऱ्हाईक मिळत असे. झिजलेले साधन केव्हा बाजूला करायचे, हा प्रश्न त्या प्रथेने व्यक्तीच्या आठवणीवर सोडला नाही. पंचांगानेच तो सोडवला. विजेच्या यंत्राबरोबर अशी कोणतीही तिथी आली नाही, आणि माहितीपुस्तिकेतील सूचना घरातील रीत बनू शकली नाही.

सोलापूरच्या घरासाठी फिल्टर निवडताना शहराच्या धुळीचे दोन स्वभाव लक्षात घेणे हिताचे ठरते. पहिली धूळ कापसाच्या तंतूंची, तीही टॉवेल, चादरी आणि मागांमुळे विपुल. कापसाचा तंतू १० ते २० मायक्रॉन जाडीचा व काही सेंटीमीटर लांब असल्याने तो ब्रशच्या रुळाला गुंडाळला जातो आणि पहिल्या गाळणीवर नमद्यासारखा थर धरतो. फोमच्या किंवा जाळीच्या या पहिल्या गाळणीला प्री-फिल्टर म्हणतात. दुसरी धूळ काळ्या जमिनीची. अवर्षणप्रवण जिल्ह्यातील ही माती उन्हात सुकून उडते, तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, आणि चिकणमातीचा कण व्याख्येनेच दोन मायक्रॉनपेक्षा लहान असल्याने तो प्री-फिल्टर ओलांडून थेट शेवटच्या फिल्टरपर्यंत जातो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव होते, हेही या संदर्भात नोंदवण्यासारखे आहे. तेव्हा येथील घराला सहज निघणारा व धुता येणारा प्री-फिल्टर आणि त्यामागे खऱ्या दर्जाचा हेपा, अशी दुहेरी व्यवस्था हवी. खोक्यावर ‘हेपासारखा’ असे मोघम शब्द असतील तर एच१३ सारखी दर्जाची खूण मागून पाहावी, आणि फिल्टर त्याच मॉडेलचा असावा. कडेची रबरी पट्टी नीट बसली नाही तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते आणि उत्तम फिल्टरही निरुपयोगी ठरतो.

धुण्याबाबतचा गैरसमज सर्वांत नुकसानकारक आहे. कपडा मळला की धुवावा हा संस्कार योग्य असला, तरी अनेक फिल्टरांत काचतंतूंचा कागद किंवा विद्युतभारित कृत्रिम तंतू असतात. पाण्याने कागद फाटतो आणि तंतूंचा विद्युतभार घटू शकतो, म्हणजे फिल्टर दिसायला स्वच्छ पण कामाला कुचकामी होतो. ‘धुण्याजोगा’ असे स्पष्ट लिहिलेलाच फिल्टर साबणाविना साध्या पाण्याने धुवावा आणि किमान एक दिवस सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवावा, कारण ओल्या फिल्टरवर बुरशी धरते आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. ओढ कमी होणे, मोटर तापणे, यंत्रातून कुबट वास येणे किंवा हवा बाहेर पडण्याच्या जाळीवर पांढरे फडके धरले असता त्यावर डाग उमटणे ही फिल्टर बदलण्याची लक्षणे होत. नियमित वापरात हेपा साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलावा आणि पिशवी काठोकाठ भरण्याआधीच काढावी. यंत्र दिवाळीलाच निघत असेल, तर केरसुणीच्या खरेदीबरोबर फिल्टरची खरेदी जोडणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण त्या दिवशी नवी पेठेत जाणे बहुतेक घरांना चुकत नाही.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते, ती अशी की धूळ कोठे ना कोठे अडतेच. कापडाने, कागदाने वा यंत्राने ती अडवली नाही तर ती माणसाच्या फुप्फुसात अडते. गिरणीत ते फुप्फुस कार्डिंग खात्यातील कामगाराचे होते. घरात ते डबा रिकामा करणाऱ्या व्यक्तीचे असते, आणि ती व्यक्ती बहुधा गृहिणी किंवा घरकामाला येणारी बाई असते, जिला फिल्टरच्या दर्जाबद्दल कोणी विचारलेले नसते. कारखान्यातील कामगारासाठी निदान कायदा झाला. घरासाठी तसा कायदा नाही आणि कदाचित होणारही नाही. म्हणून फिल्टर विकत घेणाऱ्याने डबा घराबाहेर, तोंडाला फडके बांधून आणि शक्य तर पिशवीसह रिकामा करण्याची सोय करून देणे, आणि मुदत संपलेला फिल्टर पैसे वाचवण्यासाठी पुन्हा न बसवणे, ही त्याची जबाबदारी ठरते.