'थ्रो' ते 'कस्टम एरर' : स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने अपयशाचे कारण सांगायला कशी सुरुवात केली (धागा)

१/
फेब्रुवारी २०१६. इथेरियमचे जाळे ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले होते. त्याला अजून सात महिनेही झाले नव्हते. त्यावर 'किंग ऑफ द इथर थ्रोन' नावाचा एक खेळ चालत असे. ठरलेली रक्कम भरणारा राजा होई. पुढचा दावेदार त्याहून अधिक रक्कम भरून त्याला पदच्युत करी आणि त्या रकमेचा बहुतांश भाग जुन्या राजाला भरपाई म्हणून मिळे. त्या महिन्यात काही राजांची गादी गेली, पण भरपाई त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

२/
पैसे कुणी चोरले नव्हते. हा खेळ चालवणारे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर राहून स्वतः पैसे सांभाळणारा प्रोग्रॅम, 'सेंड' या आज्ञेने भरपाई धाडत असे. प्रत्येक गणनेसाठी 'गॅस' खर्ची पडतो आणि 'सेंड' सोबत फक्त २,३०० गॅस देते. साध्या खात्याला तेवढा पुरतो. काही राजांची वॉलेट मात्र स्वतःच कॉन्ट्रॅक्ट होती; पैसे स्वीकारताना त्यांना थोडे अधिक काम करावे लागे. गॅस अपुरा पडला आणि हस्तांतरण फसले. 'सेंड'ने 'असत्य' असे उत्तर दिले. ते उत्तर तपासणारी ओळ कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हती, त्यामुळे पुढच्याच ओळीला नवा राजा गादीवर बसला आणि जुन्या राजाची रक्कम कॉन्ट्रॅक्टच्या खात्यात पडून राहिली. जासूद रिकाम्या हाताने परतला होता. दरबाराने त्याला काही विचारलेच नाही.

३/
त्याच वर्षी जूनमध्ये 'द डाओ'मधून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले आणि त्या गदारोळात हा लहानसा प्रसंग मागे पडला. तरी त्रुटी हाताळण्याच्या इतिहासात त्याचे स्थान अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. साखळीवर एकदा ठेवलेला प्रोग्रॅम जागच्या जागी दुरुस्त करता येत नाही. अपयश वेळीच कळले नाही, तर ते अपयश म्हणून कुठे नोंदलेही जात नाही.

४/
सॉलिडिटी भाषेत तेव्हा दुसरा मार्ग होता 'थ्रो'. तो सर्व बदल मागे घेई, पण उरलेला सारा गॅस गिळून टाकी आणि कारण एका अक्षरानेही सांगत नसे. शिल्लक अपुरी होती, अधिकार नव्हता की मुदत संपली होती, हे वापरकर्त्याने ताडायचे. एकीकडे मौन, दुसरीकडे आक्रोश; निरोप कोणाकडेच नाही.

५/
मार्च २०१७ मधील ०.४.१० या आवृत्तीत 'रिक्वायर', 'असर्ट' आणि 'रिव्हर्ट' आले. बाहेरून आलेली चुकीची मागणी आणि प्रोग्रॅममधलाच दोष, हा भेद भाषेने प्रथमच मान्य केला. त्याला खालून आधार मिळाला १६ ऑक्टोबर २०१७ रोजी, 'बायझंटियम' या सुधारणेत. तिच्यातील नवी 'रिव्हर्ट' सूचना बदल मागे घेते, उरलेला गॅस परत करते आणि सोबत माहितीही धाडते. (इथेरियमच्या पुढील सुधारणांची नावे कॉन्स्टँटिनोपल आणि इस्तंबूल. एकाच शहराची तीन नावे, तीही कालक्रमानुसार!)

६/
एप्रिल २०१८ पासून, आवृत्ती ०.४.२२ मध्ये, अपयशाबरोबर वाक्य पाठवता येऊ लागले. पण शब्द महाग होते. कॉन्ट्रॅक्टच्या संकेतावलीवर २०१६ च्या अखेरीपासून २४,५७६ बाइटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक वाक्य त्यातलीच जागा खाते. परिणामी काटकसर सुरू झाली. मे २०२१ मध्ये आलेल्या 'युनिस्वॅप'च्या तिसऱ्या आवृत्तीत 'एलओके'सारखी दोन-तीन अक्षरी कारणे दिसतात. निरोप आला खरा, पण मोडी न येणाऱ्याच्या हाती मोडी कागद पडावा तसा. शिवाय किती शिल्लक होती आणि किती हवी होती, असे आकडे वाक्यात गुंफणे खर्चिक, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला ते वाक्य वाचून निर्णय घेणे त्याहून अवघड.

७/
यावरचा तोडगा आला एप्रिल २०२१ मध्ये, आवृत्ती ०.८.४ बरोबर : 'कस्टम एरर'. विकासकाने त्रुटीला नाव द्यायचे आणि तिच्यासोबत जाणारी मूल्ये ठरवायची. साखळीवर पूर्ण नाव जात नाही. नाव आणि मूल्यांचे प्रकार यांच्या हॅशचे पहिले ४ बाइट जातात, त्यामागे मूल्ये. मूल्ये नसलेली त्रुटी ४ बाइटांत संपते. जुन्या पद्धतीचे छोटेसे वाक्यही परतताना १०० बाइट घेई. वाक्य माणसासाठी होते. ही रचना यंत्रालाही वाचता येते, आणि माणसासाठी वाक्य बनवण्याचे काम वॉलेटवर सोपवता येते, मग ते वाक्य मराठीत का असेना.

८/
लवचीकतेबरोबर अराजकही आले. एकाच अपयशाला प्रत्येक संघ आपापले नाव देऊ लागला. त्यावर टोकनांसाठी 'ईआरसी-६०९३' हे प्रमाण मांडले गेले : 'अपुरी शिल्लक' या त्रुटीत पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याची शिल्लक आणि आवश्यक रक्कम, याच क्रमाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ओपनझेपेलिन'च्या पाचव्या आवृत्तीने ते स्वीकारले. एक धोका मात्र या रचनेत मुळातच आहे. आतल्या कॉन्ट्रॅक्टची त्रुटी जशीच्या तशी वर येऊ शकते आणि कोणतेही कॉन्ट्रॅक्ट कोणत्याही त्रुटीचे सोंग घेऊ शकते. खलित्यावरचा शिक्का ओळखीचा दिसला, तरी तो कोणी उठवला हे त्यावरून कळत नाही.

९/
मे २०२४ मधील ०.८.२६ पासून 'रिक्वायर'मध्येही कस्टम एरर थेट वापरता येते, सुरुवातीला कंपायलरच्या नव्या मार्गानेच. 'ट्राय-कॅच' ही सोय २०१९ च्या डिसेंबरात आलेली, पण तिला जुनी वाक्ये आणि 'पॅनिक' एवढेच नावाने ओळखता येते. कस्टम एरर तिच्या हाती कच्च्या बाइटांच्या रूपात पडते. पहिले चार बाइट सोडवून पाहण्याचे काम आजही विकासकालाच करावे लागते.