हातात चौकोन-त्रिकोण, पडद्यावर ए-बी-एक्स-वाय: पीसी गेममध्ये आपल्या पॅडच्या खुणा कशा आणायच्या?

उदगीरहून बीदरच्या बसस्टँडवर आलेल्या माणसाला कन्नड वाचता येत नसेल, तर बस समोर उभी असूनही तो शेजारच्याला विचारतो, "ही भालकीला जाते का हो?" बस बरोबर असते, अडतं फक्त पाटीपाशी. पीसीवर पॅड लावून गेम खेळणाऱ्यांचंही तसंच होतं. हातात प्लेस्टेशनचा पॅड असतो, त्यावर त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. पडद्यावर मात्र गेम सांगतो, ‘एक्स’ दाबा. तुम्ही फुली दाबता, आणि दार उघडायचं सोडून पात्र उडी मारतं. पॅड बिघडलेला नसतो. गेमला हवं असतं डावीकडचं बटन, म्हणजे तुमचा चौकोन, आणि तुम्ही दाबलेलं असतं खालचं.

गोंधळ कुठून आला?

समोरच्या चार बटनांची चौफुली रूढ केली निन्टेंडोने, १९९० च्या सुपर फॅमिकॉमवर. त्यात ए उजवीकडे, बी खाली, एक्स वर आणि वाय डावीकडे. सोनीने १९९४ मध्ये प्लेस्टेशन काढताना अक्षरंच टाळली आणि आकार घेतले. पुढे २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने पुन्हा अक्षरं घेतली, पण ए खाली, बी उजवीकडे, एक्स डावीकडे आणि वाय वर ठेवला. म्हणजे एक्ससारखी दिसणारी खूण एक्सबॉक्सवर डावीकडे, निन्टेंडोवर वर आणि प्लेस्टेशनवर फुलीच्या रूपात खाली. एकच खूण, तीन जागा.

रंगांचा भरवसा धरावा, तर तिथेही तेच. एक्सबॉक्सचा हिरवा ए खाली असतो, तर प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवरचा हिरवा त्रिकोण वर. लाल तेवढा दोन्हीकडे उजव्या बाजूला. प्लेस्टेशन ५ च्या पॅडवर तर रंगच काढून टाकले आहेत.

जाता जाता एक गंमत. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, त्यामुळे तिकडे ‘हो’साठी गोल दाबायचा असायचा. आपल्या शाळेच्या वहीतही फुली म्हणजे चूकच की! पण जपानबाहेर ‘हो’साठी फुली ठरली आणि २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आल्यावर जपानलाही तीच पद्धत लागू झाली.

गेमला तुमचा पॅड कसा ‘दिसतो’?

सगळी मेख इथे आहे. पडद्यावरची खूण तुमच्या हातातला पॅड बघून ठरत नाही, तो पॅड कॉम्प्युटरला आपली ओळख काय सांगतो यावर ठरते. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी, २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोजवर एक्सइनपुट नावाची पद्धत आणली. गेम बनवणाऱ्यांना ती सोपी पडली, म्हणून बहुतेकांनी तीच धरली. पण या पद्धतीत गेमला कळतं ते इतकंच, की कुठलं बटन दाबलं. पॅड कुठल्या कंपनीचा, हे कळत नाही. मग गेम सरळ एक्सबॉक्सची चित्रं दाखवतो.

बाजारात मिळणारे स्वस्त पॅडही बहुधा याच पद्धतीने बोलतात. बऱ्याच पॅडवर मधलं होम किंवा मोडचं बटन काही सेकंद दाबून धरलं की पॅड जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत जातो. चुकून तसं झालं तर नवे गेम पॅड ओळखत नाहीत आणि जुने गेम ‘बटन १’, ‘बटन २’ असे आकडे दाखवतात. आयकॉन गायब झाले म्हणून दुकानात धावण्याआधी हे बघा. विंडोजच्या ‘रन’मध्ये जॉय डॉट सीपीएल हे इंग्रजीत टाइप केलं, की जोडलेल्या पॅडचं नाव दिसतं. तिथे एक्सबॉक्स ३६० असं आलं, तर गेमलाही तेच दिसणार. सोनीचा पॅड थेट जोडलेला असेल, तर बहुधा ‘वायरलेस कंट्रोलर’ असं काहीसं नाव येतं.

आधी गेमची सेटिंग बघा

पुष्कळ लोक इथेच चुकतात आणि आधी इंटरनेटवर फायली शोधत बसतात. गेमच्या मेनूत कंट्रोलर, इंटरफेस किंवा ॲक्सेसिबिलिटी या भागांत ‘बटन प्रॉम्प्ट’, ‘कंट्रोलर आयकॉन’ किंवा ‘ग्लिफ’ असा पर्याय आहे का बघा. तो ‘ऑटो’वर असेल, तर हवा तो संच निवडा, काम झालं. हा पर्याय असला, तर एक्सबॉक्सची ओळख सांगणाऱ्या स्वस्त पॅडवरही प्लेस्टेशनच्या खुणा आणता येतात. काही गेम पॅडची ओळख सुरू होतानाच एकदा करतात, म्हणून पॅड आधी जोडा आणि मग गेम उघडा. कुठल्या गेममध्ये कुठल्या खुणा मिळतात, हे पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमवार दिलेलं असतं. विकत घ्यायच्या आधीच बघितलेलं बरं.

स्टीमवर खेळत असाल तर

स्टीममध्ये ‘स्टीम इनपुट’ नावाचा दुभाषी असतो. तो तुमचा कुठलाही पॅड घेतो आणि गेमपुढे बहुधा एक्सबॉक्सचा पॅड म्हणून उभा करतो. म्हणून पॅड चालतो, पण खुणा बदलतात. ज्या गेमने स्टीम इनपुटची स्वतःची सोय वापरली आहे, तिथे मात्र खऱ्या पॅडच्याच खुणा येतात.

सोनीचा पॅड असेल आणि गेम त्याला थेट ओळखत असेल, तर दुभाषी बाजूला करा. लायब्ररीत गेमच्या नावावर राइट-क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग कंट्रोलर, आणि तिथे त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद. ब्लूटूथवर जमलं नाही, तर यूएसबी केबल लावून बघा; काही गेम केबलवरच सोनीचा पॅड नीट ओळखतात. स्टीम इनपुट बंद केल्यावर पॅड अजिबातच चालेना, तर त्या गेमला फक्त एक्सइनपुट कळतं असं समजा आणि ते पुन्हा सुरू करा.

निन्टेंडोचा पॅड वापरणाऱ्यांसाठी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निन्टेंडो बटन लेआउटचा वेगळा पर्याय आहे. तो लावला की ए-बी आणि एक्स-वाय यांची अदलाबदल होते आणि पडद्यावरचं अक्षर हातातल्या अक्षराशी जुळतं. पण मग ‘हो’चं बटन खालून उजवीकडे जातं. अक्षर जुळवायचं की जागा, हे ज्याने त्याने ठरवावं. धावपळीच्या गेममध्ये जागा जुळलेली बरी, असं माझं मत.

स्टीमबाहेरच्या गेमसाठी डीएस४विंडोज हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ लोक वापरतात. तेही दुभाषीच, पण पॅड एक्सबॉक्स ३६० म्हणून दाखवायचा की ड्युअलशॉक ४ म्हणून, हे त्याच्या प्रोफाइलमध्ये निवडता येतं. ते आणि स्टीम इनपुट एकाच वेळी चालू ठेवू नका. गेमला दोन पॅड दिसतात आणि एकदा दाबलेलं बटन दोनदा लागतं.

फाईल बदलण्याचा मार्ग

गेममध्ये पर्यायच नसेल, तर चित्रांची फाईल बदलणारे ‘मॉड’ मिळतात. नेक्सस मॉड्ससारख्या ठिकाणी ‘प्लेस्टेशन बटन्स’ असं इंग्रजीत शोधलं, की बऱ्याच गेमचे सापडतात. मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवा. गेमचं अपडेट आलं की मॉड पुसला जाऊ शकतो, किंवा गेम उघडायचाच बंद होतो. तसं झालं तर मॉड काढून स्टीममधलं ‘व्हेरिफाय’ चालवा. बिघडलेल्या फायली तेवढ्या पुन्हा उतरतात, अख्खा गेम डाउनलोड करावा लागत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेम उतरवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं.

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. चीटिंग पकडणारी यंत्रणा असलेल्या ऑनलाइन गेमच्या फायली बदलू नका. चार चित्रांपायी अकाउंट बंद होऊ शकतं आणि त्यात घातलेले पैसे गेले समजा. आणि नुसत्या आयकॉनच्या मॉडसोबत कुणी इन्स्टॉल करायची फाईल देत असेल, वर अँटीव्हायरस बंद करा म्हणत असेल, तर ती उघडू नका. चित्रं बदलायला अँटीव्हायरस बंद करावा लागत नाही.

खुणा सारख्या बदलत असतील तर

पॅडने खेळताना मध्येच कीबोर्डची चित्रं येतात आणि जातात, अशीही तक्रार असते. गेमला शेवटची हालचाल जिथून मिळाली, तिथली खूण तो दाखवतो. टेबल हलल्याने माउस सरकतो, किंवा पॅडची झिजलेली काडी आपोआप हलते. माउस उलटा करून ठेवा, फरक लगेच कळेल. काडी झिजली असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ थोडा वाढवा.