पासोडी आणि बोलका नकाशा

अंबाजोगाईच्या दासोपंतांची 'पासोडी' मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय अक्षरें आणि आकृति यांच्या मेळानें मांडला. नुसत्या अक्षरांनीं जें उमजत नाहीं, तें आकृतीच्या जोडीनें उमजतें, हें बीडच्या भूमीला सुमारें ४०० वर्षांपूर्वींच ठाऊक होतें. संगणकाच्या युगांतील 'मॅशअप' या प्रकाराचें बीजहि हेंच होय.

२००५ च्या फेब्रुवारींत गूगलनें आपला नकाशा इंटरनेटवर खुला केला. तो लहान चौकोनी तुकड्यांचा असून, १९९५ सालीं ब्रेंडन आयक यांनीं रचलेली जावास्क्रिप्ट ही भाषा वाचकाच्याच यंत्रांत चालून हवे ते तुकडे मागवी व जोडी. लवकरच पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरानें तिची रीत उकलून क्रेग्सलिस्टवरील घरांच्या जाहिराती त्या नकाशावर टाचण्यांप्रमाणें बसविल्या. नकाशाच्या धन्याजवळ घरांची माहिती नव्हती, जाहिराती देणाऱ्यांजवळ नकाशा नव्हता. दोहोंची सोयरीक जमविली ती अक्षांश-रेखांशांनीं. गूगलनें त्यांस अडविलें नाहीं. उलट त्याच वर्षीं जूनमध्यें हें द्वार सर्वांस उघडें केलें.

महाराष्ट्रांत ही विद्या पाण्याच्या कामीं आली. डिसेंबर २०१४ मध्यें सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांतील कामांचीं छायाचित्रें अक्षांश-रेखांशांसह मोबाइलवर घेऊन, नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या साहाय्यानें नकाशावर मांडण्यांत आलीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील बीड जिल्ह्याला या अभियानाची मोठी आशा होती. परंतु २०१८ च्या पावसानें दगा दिला, २०१९ च्या उन्हाळ्यांत टँकर धांवतच राहिले, आणि अभियानाचे उद्देश पुरते साधले नाहींत, असें २०२० मध्यें महालेखापरीक्षकांच्या अहवालानें दाखविलें.

यांत नकाशाचा दोष नाहीं. येथें बांध झाला, एवढेंच टाचणीनें सांगितलें. त्यांत पाणी किती दिवस टिकलें, हें तिला कोणी विचारलेंच नव्हतें. पाटोद्याच्या वा आष्टीच्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्यानें या टाचण्यांवर टँकरची यादी व भूजल खात्याच्या निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या यांचा थर चढविला, तर कागदावर भिजलेलें गांव कोणतें व खरोखर भिजलेलें कोणतें, हें कोणालाहि पारखतां येईल. त्यास भांडवलहि लागत नाहीं. २००४ पासून लोकांनींच घडवीत आणलेला ओपनस्ट्रीटमॅप आणि २०११ सालीं निघालेलें लीफलेट हें जावास्क्रिप्टचें साधन, हीं दोन्हीं विनामूल्य आहेत.

पासोडीवरील अक्षर व आकृति एकाच हातचीं होतीं. मॅशअपांतील थर अनेक हातांचे असतात. म्हणून कोणता थर कोणीं दिला आणि कोणता राहून गेला, हें विचारण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. ती ओळखणारा वाचकवर्ग तयार झाला, तर या विद्येचें बीडसारख्या तहानलेल्या जिल्ह्यांत सार्थक होईल, असें आम्हांस वाटतें.