एका सुईचा इतिहास : क्रोशा, दाणेदार वीण आणि ‘रिकामा वेळ’

बेंगळुरूतील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात परीक्षा संपल्यावर एक विद्यार्थिनी वर्गातच क्रोशाने पांघरूण विणत बसली होती. शेजारच्या मुलाने तिला विचारले, “याला मशीन नाही का?” प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना तंत्रज्ञानाचा इतिहास आणि श्रमाचा इतिहास एकत्र येतात.

१. यंत्र का आले नाही?

‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आकडा. मराठीत त्याचे ‘क्रोशा’ झाले. दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतील सर्व फासे एकाच वेळी सुईवर उघडे असतात. म्हणून प्रत्येक फाशाला स्वतंत्र आकडा देऊन संपूर्ण ओळ एकदम विणता येते. विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, ते याच तत्त्वावर. क्रोशात मात्र बहुतेक वेळ एकच फासा जिवंत असतो आणि सुई आधीच्या विणीत हव्या त्या ठिकाणी घालावी लागते. त्यामुळे कारखान्यात हे काम रुजले नाही. दुकानात ‘क्रोशा’ म्हणून मिळणारे यंत्रावरचे कापड बहुधा वेगळ्या विणीचे असते.

२. उपासमारीतून बाजारात

क्रोशाचे छापील नमुने युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हा जोगिणींच्या मठांतून आणि शाळांतून स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली गेली. ती विकून अनेक घरे तगली. सुई आणि दोरा एवढेच भांडवल असल्याने हे शक्य झाले.

३. नरसापूर आणि आपली घरे

भारतात हे काम प्रामुख्याने मिशनऱ्यांबरोबर पसरले. आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या नरसापूर परिसरात त्यातून निर्यातीचा मोठा घरगुती उद्योग उभा राहिला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे निरीक्षण असे : स्त्रिया दिवसाचे कित्येक तास जागतिक बाजारासाठी विणत, पण त्यांना ‘कामगार’ न मानता ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ मानले जाई. काम फावल्या वेळातले ठरले की मजुरीही तशीच ठरते. व्यापार आणि नफा प्रामुख्याने पुरुषांच्या हाती राहिला. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

मराठी घरांत क्रोशा आला तो दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल आणि लग्नाचे रुखवत या रूपांत. तिथेही कौतुक झाले ते वस्तूचे, तासांचा हिशेब कोणी ठेवला नाही. माझ्या आजीने विणलेला टेबलक्लॉथ आमच्या घरी अजून आहे. तो किती दिवसांत झाला, हे आम्हा कोणालाही सांगता येत नाही.

४. प्रात्यक्षिक : दाणेदार वीण

हिशेब स्वतः करून पाहा. पांघरुणासाठी ही सर्वांत सोपी उठावदार वीण आहे. यात दोनच टाके लागतात : साखळी आणि एक आखूड टाका, ज्याला अनेक घरांत ‘मुका खांब’ म्हणतात.

• सम संख्येत साखळ्या घाला. सरावाला २० पुरेत.
• पहिली ओळ : सुईपासून चौथ्या साखळीत मुका खांब. पुढे ‘१ साखळी घाला, १ सोडा, पुढच्या साखळीत मुका खांब’ असे शेवटपर्यंत.
• पुढची प्रत्येक ओळ : २ साखळ्या घालून काम उलटा. आधीच्या ओळीतील प्रत्येक एका साखळीच्या फटीत मुका खांब, दोन खांबांमध्ये १ साखळी. शेवटचा खांब कडेच्या साखळ्यांच्या फटीत.

२० साखळ्यांवर प्रत्येक ओळीत ९ खांब आलेच पाहिजेत. कमी भरले तर कडेची फट सुटली, असे समजा. खांब एकाआड एक फटीत बसल्याने विटांच्या बांधकामासारखी रचना होते आणि पृष्ठभाग दाणेदार दिसतो. एक सूचना : ब्रिटिश पुस्तकांतील ‘डबल क्रोशे’ म्हणजेच अमेरिकी ‘सिंगल क्रोशे’. नमुना कोणत्या देशाचा, हे आधी पाहा.

५. समारोप

३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. तुकडे अनेक घरांत विणले गेले होते आणि ते सारे हातांनीच.

विचारासाठी : दहा ओळी विणायला तुम्हाला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. त्यावरून पूर्ण पांघरुणाचे तास काढा आणि तुमच्या राज्यातील किमान वेतनाने गुणा. मग बाजारातील किंमत पाहा. दोन आकड्यांत जो फरक येईल, तो कोणाच्या ‘रिकाम्या वेळेतून’ भरून निघतो?